अकरा बिया जास्वंदीच्या

९ मार्च

अगं मुली,

सगळ्यात आधी आली ती शेजारची शिवणवाली. तुमची रिक्षा कोपऱ्यावर वळलीही नसेल, तोच ही दारात हजर, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांसकट विचारते, "कशी आहे नवी?" म्हटलं, आधी तोंड रिकामं कर, एखादी गिळशील आणि नाव माझं होईल. मग तिची सासू आली. मग दूधवाला. त्याचं तर काही कामच नव्हतं, सकाळीच दूध घालून गेला होता. सगळ्यांना तूच बघायची होतीस. मी सांगितलं, उंच आहे, बोलते कमी, चहा बिनसाखरेचा घेते, आणि माझ्या लेकीच्या फोटोसमोर उभी राहिली तेव्हा आधी चष्मा काढून पुसला. शिवणवाली म्हणाली, "नाटक असेल." म्हटलं, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते ती, तिला काच पुसायची सवयच असणार.

रागावू नकोस हं. जावयाने दुसरं लग्न केलं की पहिलीच्या आईकडे कोणी नवीला घेऊन येत नाही. तुम्ही आलात. दोन दिवस झाले तरी मी हवेतच आहे.

फोन करू नकोस, मला त्यात निम्मं ऐकू येत नाही आणि मी नुसती हो हो करत बसते. मागे एकदा तसंच हो हो करून मी कुणाच्या तरी गच्चीवर पाण्याची टाकी बसवायला कबूल झाले होते. पत्र बरं. शाळा तिसरीपर्यंतच झालीय, पण चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री केलीय, ओळ तरी सरळ ठेवता येते.

आमची बिट्टी बघितलीस ना? दिवसभर अंगणातून हलली नाही! जावई हाका मारून दमले, पण ही आपली झारी घेऊन कुंड्यांपाशी. शेवटी तिचं ताटसुद्धा मीच बाहेर नेलं. अगदी आईवर गेलीय. माझी लेकही अशीच, रोपवाटिकेत कामाला लागली तेव्हापासून घरात पाय टिकायचा नाही.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्ही असताना बोलायचं मला सुधरलं नाही. तुझ्या पिशवीत मी गोळ्यांची एक रिकामी डबी टाकलीय. त्यात पाच बिया आहेत. माझ्याकडे सहा. शेवटचे चार महिने लेक माझ्याकडे होती तेव्हा एका सकाळी तिने अंगणातल्या पांढऱ्या जास्वंदीचा पराग ब्रशने उचलला आणि पिवळीच्या फुलाच्या टोकाला लावला. तिथे पाच ठिपके असतात बघ, त्यांना. देठाला दोरा बांधला. मी विचारलं, आता रंग कुठला येणार? म्हणाली, "मलाही माहीत नाही, आई. बियांचं झाड आईसारखं होत नाही आणि बापासारखंही होत नाही." बोंड पिकायला तीन महिने लागले. ते उकललं तेव्हा ती नव्हती. दोन वर्षं बिया कपाटात होत्या, मला पेरवत नव्हत्या.

आता तुम्हीही पेरा, मीही पेरते. कुणाकडे का आधी फूल येईना, सगळे मिळून बघू. माझं मागणं एवढंच आहे. बिट्टीला वर्षातून दोनतीनदा तरी आण. ती मला विसरली तर माझं म्हणून मागे काही राहत नाही.

आजी


२२ मार्च

ती. आजींना नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. दुकानात पाकिटांवर चष्म्यांचे नंबर लिहिते, तेवढंच माझं लिखाण.

बिया मिळाल्या. मी तशाच मातीत घालणार होते, बिट्टीने हात धरला. म्हणाली, "अशा नाही. आई टवका काढायची." बी कडक असतं, पाणी आत जात नाही. टोक सोडून दुसऱ्या, गोल बाजूने नखकापणीने थोडं कवच उडवायचं, आत पांढरं दिसलं की थांबायचं आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं. नखकापणीची मला भीती वाटली, म्हणून दुकानातली कड घासायची बारीक कानस आणली. पाच बियांना एक तास लागला. बिट्टी शेजारी बसून "बास, बास" म्हणत होती. लग्नाला सहा महिने झाले, इतका वेळ ती माझ्याशेजारी पहिल्यांदाच बसली.

तिने निरोप दिलाय: आजीला पण सांग, टोकाकडून नाही.

ती मला काय म्हणते असं शिवणवालीबाई विचारतीलच. "अगं" म्हणते. पुढचं अजून ठरलेलं नाही.

फोटोसमोर नाटक नव्हतं. काचेवर वाफ आली होती.

तुमची,
(इथे काय लिहावं तेही ठरलेलं नाही)


१७ एप्रिल

अगं मुली,

पत्र तीनदा वाचलं आणि शिवणवालीला वाफेपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. ती गप्प झाली! तिला गप्प झालेलं मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

बिया पेरल्या. आणि काय सांगू, सहातल्या चार वर आल्या! हिरव्यागार. बिट्टीला सांग, आजी जिंकणार. टवके वगैरे सगळं रीतसर केलं. मातीत थोडी वाळू मिसळली, रोज बघते, पाणी घालते. मला तर कपड्यांवर पाणी शिंपडायची सवय, हात थांबतच नाही.

बाकी इथलं सगळं जागच्या जागी. समोरच्या मास्तरांनी शर्टाची कॉलर जाळल्याचा आळ माझ्यावर घेतला. म्हटलं, मास्तर, हे बिडीचं भोक आहे, इस्त्रीचं भोक असं गोल नसतं. त्यांची बायको दारातच उभी होती. आता त्यांच्या घरात काय चाललंय ते भिंतीपलीकडून ऐकू येतं, तेवढ्यापुरते माझे कान ठीक आहेत.

सुट्टी लागेल तेव्हा आठ दिवस या. मी खोलीला रंग काढलाय. आतल्या खोलीला, जिथे लेक झोपायची. बिट्टीची गादी तिथेच घालीन.

आजी


३० जून

ती. आजींना नमस्कार.

सुट्टीत येणं झालं नाही, त्याबद्दल माफ करा. निघायच्या दिवशी बिट्टीचं पोट दुखलं. आता बरी आहे.

आमच्या पाचातल्या तीन उगवल्या. एक मानेशी काळी पडून आडवी झाली. दुसरी गोगलगायीने एका दिवसात खाल्ली. उरलेली एक न्हाणीच्या खिडकीत आहे, तिला आठ पानं आहेत. आधीची दोन गोल होती, ती पिवळी होऊन गळाली तेव्हा बिट्टी घाबरली नाही, मी घाबरले. तिने मला समजावलं की ती बीमधूनच आलेली पानं, त्यांचं काम झालं की ती जातात.

बिट्टी विचारते, तुझ्या चारांची गोल पानं गळाली का?

यांनी नमस्कार सांगितलाय. तुम्ही दिलेल्या शर्टाची घडी अजून मोडली नाही.


१२ ऑगस्ट

अगं मुली,

जावयांना सांग, शर्ट घालायला असतो, बघायला नाही.

शिवणवालीने तिच्या फोनवर माझ्या रोपाचा फोटो काढला आणि चौकातून छापून आणला, तो पाठवतेय. तीन गेली, पण ही एक बघ कशी आहे! वीतभर उंच झालीय आणि तीन फुटवे निघालेत. इतक्या लवकर! लेकीचा हात लागलेलं बी, ते थांबतंय का?

गोल पानांचं म्हणशील तर गळाली बहुतेक. मी काय रोज मोजते?

फोटोत मागे माझा पाय आलाय तो बघू नका. आणि पोटदुखीवर मी एक काढा सांगितला असता, पण तुला वाटेल म्हातारी लुडबुड करते. शाळेला जोडून सुट्टी येतेय तेव्हा या. मी तारखेवर खूण केलीय.

आजी


३ नोव्हेंबर

मुली,

तीन वेळा झालं. उन्हाळ्यात पोट दुखलं. सप्टेंबरात पोट दुखलं. परवा मी सकाळपासून दारात बसून होते, लोकांचे इस्त्रीचे कपडे तसेच पडले, तिनाला निरोप आला की पोट दुखतंय. शिवणवाली म्हणाली, "पोरीचं पोट बरोबर बसच्या वेळेला दुखतं." मी तिला झापलं, पण ती गेल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं.

मी शिकलेली नाही, पण खुळी नाही. पोरीला तुझा लळा लागावा म्हणून तिची माझ्याकडची वाट बंद करायची असेल तर तसं सरळ सांग. मी भांडायला येणार नाही, बसमध्ये मला चक्कर येते. पण खोटी तारीख देऊ नकोस. खूण केलेल्या तारखा मला पुसता येत नाहीत.

आजी


१५ नोव्हेंबर

ती. आजी,

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं आणि त्या दिवशी एक भिंग चुकीच्या नंबरचं घासलं.

तुम्ही सरळ सांग म्हणता. मग ऐका.

पोटदुखी खरी आहे. दोनदा आम्ही बस स्टँडवरून परत आलो. फलाटाला बस येऊन लागली की ती पांढरी पडते आणि ओकते. मी विचारलं, आजी आवडत नाही का? ती म्हणाली, "आवडते." मग का? त्याचं उत्तर मिळायला सहा महिने लागले. परवा रोपाला पाणी घालताना पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आई गेली त्या दिवशी आजी म्हणाली, कुंड्यांना पाणी घाल, मी बोलावते. तिने मला बोलावलंच नाही."

मार्चमध्ये ती दिवसभर अंगणात का होती, ते तेव्हा आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही. तिला झाडांची हौस आहेच. पण त्या दिवशी ती आत यायला घाबरत होती. आणि तुम्ही तिची गादी त्याच खोलीत घालणार असं लिहिलंत, ते मी तिला वाचून दाखवलं. चूक माझी. त्यानंतरच पोटदुखी सुरू झाली.

आणखी एक. सांगू की नको असं तीन महिने चाललंय. तुम्ही पाठवलेला फोटो बिट्टीने दिव्याखाली धरून बघितला. म्हणाली, "हे बियांचं नाही. खाली जुनं लाकूड आहे आणि तिरका काप आहे. आजीने पिवळीची फांदी लावलीय." मग फोटो तिच्या वहीत ठेवला आणि मला बजावलं, "आजीला सांगू नको हं. तिला वाईट वाटेल."

तेव्हा वाट मी बंद करत नाहीये. पण बिट्टीला आत यायला लावीन असंही वचन मी देणार नाही.


२८ नोव्हेंबर

माझ्या मुली,

हे पत्र चार दिवस लिहितेय. आधीची तीन फाडली.

फांदीच लावली. बिया उगवल्याच नाहीत. तू लिहिलंस टवका काढा, मी नखकापणी घेतली, बी चिमटीत धरलं आणि माझा हात चालेना. तिच्या हातच्या बिया. शेवटी शेवटी दवाखान्यात तिला इतकं टोचलं, इतकं कापलं, की तिच्या नावाच्या कशालाच मला पातं लावायचं नव्हतं. तशाच पेरल्या आणि पाणी घालत बसले. दोन महिन्यांनी उकरलं तर तीन खड्यासारख्या कोरड्या आणि तीन कुजून मऊ झालेल्या. तुला आधीच चार उगवल्या म्हणून लिहून बसले होते. वाटलं, माझ्याकडे फूल नाही म्हटल्यावर तुम्ही कशाला याल?

बोलले असते तर तुझ्याकडून एखादं रोप मागून घेतलं असतं. पण खोटं एकदा घडीत गेलं की किती दाबलं तरी ती घडी मोडत नाही, कपड्यांचं बघितलंय मी.

आता तो दिवस. जावयांनाही मी हे नीट सांगितलेलं नाही, ते वाटेत होते. दुपारी तिला श्वास पुरेना. तीच म्हणाली, "बिट्टीला बाहेर पाठव, आई. हे तिला दाखवू नको." मी बिट्टीला म्हटलं, जा, कुंड्यांना पाणी घाल, मी बोलावते. बिट्टी सहा वर्षांची. मग पुढच्या तासात मला माझीच लेक होती, नात नव्हती. मी बोलवायचं विसरले. नंतर आठवलं तेव्हा बोलावण्यासारखं आत काही राहिलं नव्हतं, म्हणून मुद्दाम बोलावलं नाही. ती पाणी घालतच राहिली. बादलीवर बादली. पाणी दाराखालून गल्लीत गेलं, ते बघून शिवणवाली धावत आली आणि तिने पोरीला उचललं. फ्रॉक गळ्यापर्यंत भिजला होता. तोही मी इस्त्री करून ठेवला, दुसऱ्या दिवशी. कशासाठी कोण जाणे.

हे तिला सांगायचं का, कधी सांगायचं, ते तू ठरव. तिच्याजवळ तू आहेस. मी तुझ्याविषयी जे लिहिलं ते मागे घेते. शिवणवालीलाही सांगितलं की मी चुकले. ती म्हणाली, "ती चूक माझीच होती, तू कशाला घेतेस?" म्हटलं, असू दे, आज मला घ्यायची हौस आहे.

आजी


१० मार्च

ती. आजी,

इतके महिने पत्र नाही, पण वाईट काही झालं नाही. तुमचं पत्र मी डिसेंबरात थोडं वाचून दाखवलं, जानेवारीत आणखी थोडं. "विसरले" तिथे तिने मला थांबवलं आणि तो शब्द परत वाचायला लावला. मग झोपायला गेली. गेल्या आठवड्यात विचारलं, "आजी तेव्हा रडत होती का?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही, आजीलाच विचारावं लागेल.

रोपाला कळी आलीय. एकच. रंग अजून कळत नाही. बिट्टीचं गणित आहे की ती बावीसच्या आसपास उमलेल. ती स्वतः म्हणाली, कुंडी घेऊन जाऊ. आम्ही एकवीस तारखेला, रविवारी, सकाळच्या बसने निघतो. स्टँडपर्यंत नक्की. पुढचं बस लागल्यावर कळेल.

आतली खोली बंद ठेवा.


२३ मार्च

अगं मुली,

दोन दिवस झाले, अजून तुमच्या कपबशा विसळल्या नाहीत. शिवणवाली म्हणते, आता त्यात रोप लाव.

तू बाजारातून दही आणायला गेलीस आणि जावई बस स्टँडवर परतीची चौकशी करायला, तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. बिट्टीसमोर सांगवेना.

तू सांगितलंस तशी मी खोली बंद केली होती, पण शनिवारी विचार आला की तीही बाहेर राहणार आणि मी आतबाहेर करत राहणार, म्हणजे पुन्हा तेच. म्हणून इस्त्रीचं टेबल, शेगडी, पाण्याचा माठ, माझी खुर्ची, सगळं अंगणात काढलं. गल्लीतून जाणारे विचारत होते, घर बदलताय का. तुम्ही आलात तेव्हा मीही बाहेरच होते आणि जाईपर्यंत एकदाही आत गेले नाही. बघितलंस की नाही, माहीत नाही. तिने बघितलं.

तुम्ही दोघं तेवढ्यापुरते बाहेर पडल्यावर ती पिशवीतून तो रुमाल काढून बसली. गळलेली कळी त्यात होती. बसमध्ये तू सांगितलंस की काही नाही, हादऱ्याने होतं, दुसरी येईल. मलाही तिने तेच समजावलं, अगदी रोपवाटिकेतल्या बाईसारखं, की जास्वंदीला जागा बदललेली चालत नाही, हलवलं की कळी टाकते. मग तिने नखाने कळी उकलली. आत पाकळ्या चुरगळलेल्या होत्या, गुंडाळी करून. फिकट होत्या, थोड्या चहात पडलेल्या कागदासारख्या. पिवळ्या नाहीत आणि पांढऱ्याही नाहीत. आम्ही दोघींनी बराच वेळ बघितलं. सुंदर आहे, असं मी खोटंच सांगणार होते. ती म्हणाली, "कळतच नाहीये ना, आजी?" म्हटलं, नाही गं, कळत नाही.

मग विचारलंन, "तू तेव्हा रडत होतीस का?"

म्हटलं, नव्हते. मी तिचे पाय चोळत होते. गार पडत होते ते.

"मी आत आले असते तर?"

म्हटलं, तर तू एक पाय चोळला असतास आणि मी एक. तरी ती गेलीच असती.

ती रडली नाही. मी रडले, आणि तिने मला तोच रुमाल दिला, कळी बाजूला काढून. मग मी विचारलं, बिट्टी, तेव्हा मी तुला बोलावलं नाही. आता बोलावू का? आत जाऊ या का दोघी?

ती दाराकडे बघत बसली. मला वाटलं, पुन्हा पोट दुखणार. म्हणाली, "आज नको." थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वेळी बोलाव. पण तू आधी आत जा आणि आतून हाक मार."

तेवढ्यात तू दही घेऊन आलीस.

कुंडी इथेच राहिलीय ती विसरलात म्हणून नाही. पोरगीच म्हणाली, आता हलवायचं नाही. भिंतीच्या सावलीला ठेवलीय, पाणी मोजून घालतेय, झारीला मी दोरा बांधलाय त्याच्यावर भरत नाही. माझी फांदी शेजारी ठेवली होती, तिला काल पिवळं फूल आलं, आईचंच, हुबेहूब. बघायला बरं वाटतं. पण मी त्याच्याकडे कमी आणि ह्या मुक्या रोपाकडे जास्त बघते.

जावई रिक्षात बसताना म्हणाले, पुढच्या महिन्यात येतो. त्यांचं 'पुढच्या महिन्यात' मला माहीत आहे. पण मग तू खाली उतरलीस, पिशवीतून पेन काढलंस आणि माझ्या इस्त्रीच्या वहीवर स्वतःच्या हाताने लिहिलंस, दुकानात नंबर लिहितेस त्या अक्षरात. रविवार, अकरा एप्रिल, सकाळची बस.

आजी